सालीवरचा अंगठा

"मावशी, स्टूल घ्या आणि इथेच बसा. कुणाला हात लावू देऊ नका," मोठ्या बाई म्हणाल्या.

मावशी बसल्या. समोर भिंतीवर त्यांनीच केलेलं झाड होतं. आपल्याच झाडाची राखण आपणच.

बालवर्ग झाडताना केरात मेणाच्या खडूंचे तुकडे निघत. ते टाकायला मावशींचा हात धजत नसे. वर्षभर त्यांनी ते बरणीत साठवले, त्यांचे कागद सोलले आणि मुलं घरी गेल्यावर नाटकाच्या पेटीतला केस वाळवायचा ड्रायर लावून पुठ्ठ्यावर वितळवले. थरावर थर चढला. मेण निवायच्या आत अंगठ्याने दाबलं की खोडाला साल यायची. त्यात अंगठा दोनदा पोळला.

"छुपा रुस्तम निघालात की," मोठ्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "प्रदर्शनात लावू. खाली नावही घालू."

तेवढ्यावर मावशींनी, कारण न सांगता, लेकीला निरोप धाडला, सासूबाईंना घेऊन ये. केर काढणारीची मुलगी म्हणून लेकीला सासरी दहा वर्षं टोमणे खावे लागले होते.

आज चित्राखाली नाव होतं, 'बालवर्ग, तुकडी अ'.

"बाई, ते नाव..."

"अहो, प्रदर्शन मुलांचं आहे. तुमचं काय नि मुलांचं काय."

मावशींना ते लागलं. पण बोलून उपयोग नव्हता, आणि दारातून लेक आत येत होती, मागोमाग विहीणबाई.

विहीणबाईंनी चष्मा सारखा करून चित्राखालची चिठ्ठी वाचली. स्टुलावरच्या आईकडे बघून लेकीने मान खाली घातली. विहीणबाईंनी मग हात पुढे केला आणि सालीवरून बोट फिरवलं.

"हात लावायचा नाही, विहीणबाई," मावशी म्हणाल्या.

"लावत नाही. एवढंच बघत होते, की बालवर्गातल्या पोरांचे अंगठे बरेच मोठे आहेत." त्यांनी मावशींचा उजवा हात उचलला, अंगठ्यावरचा पोळल्याचा डाग पाहिला आणि हात परत मांडीवर ठेवला. "लेकीला सांगायचं होतंत आधीच, झाड तुम्ही केलंय म्हणून. वाटेत मी तिला नको ते बोलले."

त्या गेल्यावर मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. उठून अंगठा सालीच्या एका खळग्यात ठेवला. बरोबर बसला.

मग त्या स्टुलावर बसल्या आणि पुढच्या पाहुण्यांना म्हणाल्या, "लांबून बघा हं."