हळद लागलेला डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नात गळ्यात लटकून मिरवणारा नव्हे बरं का! मी कॉम्प्युटरच्या डोक्यावर चिमट्याने बसणारा, लिंबाएवढा वेबकॅम. मला एक डोळा, एक वायर आणि भरपूर हौस. जे समोर येईल ते दूरच्या माणसाला दाखवायचं, एवढंच माझं काम. ते मी जीव तोडून करतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझं कौतुक दुसरं कोणी करेल याचा काय भरवसा?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जबलपूरला बडा फुहारा चौकाजवळच्या एका दुकानात मी टांगलेला होतो, तिथून मला विष्णुपंतांनी घरी नेलं. पंत सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत साहेब होते आणि त्यांचा मुलगा अपूर्व परदेशात शिकत होता. दर रविवारी पंत इस्त्रीचा सदरा चढवून माझ्यासमोर बसत, आणि खाली मात्र पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा! तो मी अपूर्वला कधीच दिसू दिला नाही. ‘किती स्वच्छ दिसतं हो याच्यातून!’ असं पंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुगून जात असे.

मग घरात नवा लॅपटॉप आला. त्याच्या कपाळातच कॅमेरा! झालं, माझी रवानगी खणात. संपलेले सेल, चष्म्याची तुटकी दांडी आणि जुन्या लग्नपत्रिका, अशी सोबत मिळाली. फार वाईट वाटलं, मित्रांनो. अंगात काम असताना अंधारात पडून राहणं जिवाला लागतं.

पण माझे दिवस पालटायचे होते. पंतांच्या कचेरीतल्या डोमाजींची मुलगी प्रियंका एकदा पेढे घेऊन आली. सिहोऱ्याजवळच्या एका गावात ती कॉम्प्युटरचं सेवा केंद्र उघडत होती. पंतांनी पेढा तोंडात टाकला, खण ओढला आणि मला तिच्या हातावर ठेवलं.

“घे बेटा. हा इथं नुसता पडून राहिला. तुझ्याकडे कामाला लागेल.”

केंद्र होतं इंदिराकाकूंच्या घराच्या पुढच्या खोलीत. काकूंचं घराणं पिढ्यांमागे नागपूरकडून येऊन इथं रुजलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. गावाने प्रियंकाचं नाव ‘कंप्यूटरवाली दीदी’ ठेवलं आणि सकाळपासून दारात चपलांचा ढीग पडू लागला. कोणाला कार्डासाठी फोटो हवा, कोणाला दहावीचा निकाल, कोणाला उद्या पाऊस आहे का ते बघायचं. फोटो काढताना म्हातारे असे ताठ बसत की मलाच हसू येई.

सगळ्यांत मानाचा दिवस गुरुवार. त्या दिवशी जबलपूरहून डॉक्टर अवंतिका पडद्यावर येत आणि माझ्या डोळ्याने पेशंट तपासत. पूर्वी साध्या खोकल्यासाठीही माणसं बस बदलत शहरात जायची, दिवसाची मजुरी बुडायची. आता घशात टॉर्च मारायची, ‘आ’ करायचं आणि बाकी काम माझं. मी किती घसे पाहिले म्हणून सांगू! पण कुरकुर नाही केली.

आता खरी गोष्ट ऐका. दसरा आला. त्या दिवशी प्रियंका घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, म्हणून ती किल्ली इंदिराकाकूंकडे देऊन गेली. काकूंच्या घरी त्या दिवशी नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्या अवजारांची पूजा. मग पुढच्या खोलीतल्यांनी काय घोडं मारलं होतं? काकूंनी प्रिंटरला झेंडूची माळ घातली, इन्व्हर्टरला कुंकू लावलं आणि माझ्यापाशी येऊन हळदीचं ओलं बोट नेमकं माझ्या डोळ्यावर टेकवलं.

“लई काम करतोस रे बाबा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात नुकताच नातू जन्मला होता, त्या आनंदात माझ्या वाट्याला जरा जास्तच हळद आली. माझं लग्न नाही, कार्य नाही, आणि मला हळद लागली!

दुसरा दिवस गुरुवारचाच. प्रियंकाने येऊन माळा उतरवल्या, पण कुंकू राहू दिलं. ‘काकूंनी मनापासून केलंय,’ असं ती पुटपुटली. मी पडद्यावर दाखवत होतो ते सगळं पिवळट दिसत होतं, तर तिने त्या बिचाऱ्या पडद्याच्याच पाठीत थाप मारली. तो म्हातारा अधूनमधून रंग बदलायचाच, म्हणून आळ त्याच्यावर आला.

डॉक्टरांनी पहिला पेशंट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसरा पाहिला. तिसरा पाहिला.

“अगं प्रियंका, काय होऊन राहिलंय तिकडे? साऱ्या गावाला कावीळ झाली का?”

“दीदी, हमको भी पीलिया है क्या?” खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या काकांनी घाबरून विचारलं. प्रियंकाने स्वतःचा चेहरा पुढे केला, तर तीही पिवळीधमक! मग काय, खोलीत जो हशा पिकला तो थांबेना. डॉक्टरही हसल्या.

त्या हशातच काकूंची सून पूर्णिमा दुपट्यात बाळ घेऊन पुढे आली.

“अच्छा, हे महाराजही पिवळेच,” डॉक्टर हसत म्हणाल्या. “आज सगळेच पिवळे. चलो, दूध पाजत राहा, छान आहे बाळ.”

मित्रांनो, हे भलतंच झालं. माझ्या डोळ्यावर हळद होती, मला समोरचं धड दिसत नव्हतं, आणि माझ्या भरवशावर डॉक्टर बाळाला ‘छान’ म्हणत होत्या! मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. पण पूर्णिमा जागची हलली नाही.

“डॉक्टर, हा दूधच ओढत नाही जी. कालपासून नुसता झोपून राहिला. काहून असं?”

डॉक्टरांचं हसू एकदम मावळलं. “प्रियंका, तो कॅमेरा पूस आधी.”

प्रियंकाने मला हातात घेतलं आणि पाहतच राहिली. काकूंनी जीभ चावली, धावत येऊन पदराने माझा डोळा खसाखसा पुसला. खोकल्याचे काका पुन्हा काळेसावळे झाले. प्रियंका तिच्या रंगावर आली. पण बाळ? बाळ पिवळंच राहिलं.

“ते माझ्या हळदीचं असेल,” काकू घाईने म्हणाल्या. “रोज हळद-बेसन लावून न्हाऊ घालते मी त्याला.”

“डोळे दाखवा त्याचे. हळद डोळ्यांत जात नाही, काकू.”

बाळ काही डोळे उघडेना. पूर्णिमाने त्याच्या तळव्यावर टिचकी मारली, एकदा, दोनदा. शेवटी त्याने बारीक आवाजात रडत पापण्या उचलल्या. तेवढ्यात नेटवर्क डगमगायला लागलं. अरे देवा, आत्ता नको! मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं आणि ते दोन इवलेसे डोळे जबलपूरला पोचवले. ते डोळे पिवळे होते.

“आत्ताच निघा,” डॉक्टर म्हणाल्या. “मी इथं तयारी ठेवते. लवकर कळलंय, बरं होईल.”

दारातल्या चपला भराभर पायांत गेल्या. कोणी गाडी आणली, कोणी पाण्याची बाटली दिली. खोली रिकामी झाली आणि मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. तो दिवस फार जड गेला.

कावीळ उतरावी म्हणून बाळाला तिथं इस्पितळात निळ्या उजेडाखाली ठेवलं होतं म्हणे. पुढच्या गुरुवारी काकू त्याला घेऊन तरातरा आल्या आणि सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर बसल्या. मी पाहिलं. डोळे कसे पांढरेशुभ्र, अन् अंगात रग एवढी की त्याने माझी वायरच ओढली! पडद्यावर डॉक्टर टाळ्या वाजवत होत्या. मला तर रडूच आलं असतं.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या वायरीला चिकटपट्ट्या आहेत आणि उद्या माझ्या जागी नवा कॅमेरा येईल. येऊ द्या. त्याला फुलं वाहिली नाहीत तरी चालेल, पण त्याची काच रोज पुसा. कारण त्याच्यासमोर कोणाची तरी आई बाळ घेऊन बसलेली असेल.