खाली आणलेली रेघ

काचेच्या कारखान्याच्या नदीकडच्या भिंतीवर एक पांढरी रेघ होती. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी ओहायो नदीला जो महापूर आला, तो कुठवर चढला ते सांगणारी. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना टेकलेली. गावात पत्ता सांगायचा तर लोक "रेघेच्या भिंतीपाशी" असंच सांगत.

माझा नवरा एल्डन टॅकेट पाट्या रंगवायचा. ऑगस्टमध्ये कारखान्याचे मॅनेजर हाल्सी त्याला म्हणाले, "ती रेघ पुस आणि पाच फूट खाली काढ. जुन्यांनी चुकीची काढलीय." कारखान्यानं नदीकाठच्या चढावर कामगारांसाठी घरं बांधली होती, आणि त्या रेघेकडे बघून तिथे राहायला कुणी धजत नव्हतं.

"चुकीची आहे हे मोजलं कुणी?" मी घरी विचारलं.

"लिओटा, भिंत त्यांची. मी कोण विचारणारा?"

शिडी मीच धरली होती. हे आधीच सांगून टाकते.

काम चालू असताना शेजारच्या क्रेनआजी काठी टेकत आल्या. "एल्डन, मला सातव्या वर्षी त्या वरच्या खिडकीतून होडीत उतरवलं होतं. आता काय, नदीनं माघार घेतली होय रे?"

बघे हसले. एल्डनही हसला. "आजी, लहानपणी सगळंच उंच दिसतं."

ते त्याचं हसणं मला रेघेपेक्षा जास्त लागलं.

थंडी सुरू व्हायच्या आत नवी घरं भरली. भट्टीवर काम करणारा बर्ट ओव्हरबी आणि त्याची बायको लोरीन अगदी काठच्या घरात आले. लोरीन मला कौतुकानं म्हणाली, "आमचं जोतं रेघेच्या हातभर वर आहे गं." मी तिच्या खिडकीच्या पडद्यांची तारीफ करून घरी आले.

जानेवारीत गोठलेल्या जमिनीवर अकरा दिवस पाऊस पडला. पाण्याला रॉकेलचा वास येत होता. खुराडी, छपरं, एकदा एक जिवंत गाय वाहत गेली. शुक्रवारी सकाळी पाणी भिंतीला लागून चढत होतं आणि वरच्या अंगाला पुरुष उभे राहून बघत होते.

"अजून तीन फूट. रेघेला लागेल नि थांबेल."

"आजोबांच्या वेळी थांबलंच होतं की."

एल्डननं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. त्यानं टोपी घातली. "सांगून येतो." मीही निघाले.

बर्ट दारातच भेटला. कामावर निघाला होता.

"ती रेघ खोटी आहे, बर्ट. मीच काढली."

"मग आता खरं काय मानू? ऑगस्टमध्ये रंगवलंस ते की आज सांगतोस ते?" बर्ट हसला. एल्डनचं तोंड बघून त्याचं हसू गेलं. "हाल्सीसाहेब म्हणतात, चार वाजता पाणी उतरेल. भट्ट्या वरच्या मजल्यावर आहेत, तिथे अजून कोरडं आहे. भट्टी विझली तर आतली काच दगड होते. पाळी सोडली तर उद्या मला कोण ठेवेल?"

मी लोरीनचा हात धरला. "तू तरी चल."

"बर्ट आला की निघतेच," ती म्हणाली. तिनं खुर्च्या टेबलावर चढवल्या होत्या. जमीन कोरडी होती.

मग एल्डननं कुणाची तरी होडी घेतली, लाल रंगाचा डबा आणि लांब दांड्याचा ब्रश घेतला, आणि भिंतीपाशी जाऊन जुनी रेघ जिथे होती तिथे पुन्हा रेघ काढू लागला. ओल्या विटांवरून रंग ओघळत होता. तो ओरडत होता, "इथवर! इथवर येणार आहे!" लोक आधी शिव्या देत होते. मग एका बाईनं पोर उचललं आणि टेकडीवरच्या चर्चकडे पळत सुटली. तिच्यामागे बाकीची घरं निघाली.

तीन वाजता पाणी पांढऱ्या रेघेवरून गेलं. क्षणभरसुद्धा थबकलं नाही.

भट्ट्यांत पाणी शिरल्याचा आवाज आम्ही टेकडीवर ऐकला. कारखान्यातून पांढरी वाफ उसळली. बर्ट आणि इतर कामगार छपरावरून होड्यांत उतरून वाचले. त्याचं घर मात्र पाण्यानं जोत्यावरून उचललं. लोरीन आठ दिवसांनी सापडली, बारा मैल खाली.

मार्चमध्ये चर्चच्या तळघरात चौकशी झाली. हाल्सी म्हणाले, रंगाऱ्याची मोजण्यात चूक झाली. एल्डन उठला नाही. मीच उठले आणि कुणी काय सांगितलं, कुणी काय केलं, माझ्यासकट सगळं सांगितलं. हाल्सींची बदली झाली, एवढंच.

बाहेर बर्टनं आम्हाला गाठलं. मला वाटलं, मारणार. तो एल्डनला म्हणाला, "सकाळी तू सांगून गेल्यावर मीच तिला म्हणालो, मी येईपर्यंत थांब."

एल्डननं टोपी काढली. मग बर्ट भावाच्या गाडीत बसून निघून गेला. मे महिन्यात आम्हीही गाव सोडलं.