दंडातली काडी

कापडाच्या कारखान्यात तिचं काम एकच, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. खालून दिवा लावलेल्या काचेवरून चादरींचं कापड सरकत जायचं आणि गाठ किंवा तुटका धागा दिसला की तिने खडूने खूण करायची. त्या दिवशी मात्र तळहाताएवढं भोक तिच्या नाकासमोरून निघून गेलं. मुकादमाने विचारलं, बाई, लक्ष कुठंय? लक्ष होतं डाव्या दंडात. बाळंतपणानंतर तिथे कातडीखाली आगकाडीएवढी काडी बसवली होती, पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून. ती सारखी चाचपून बघायची, आहे ना जागेवर.

पहिलं बाळंतपण तिच्या जिवावर बेतलं होतं. दुसरं नकोच, हे तिने पक्कं ठरवलं होतं. पण काडीने तिचा अंतच पाहिला. आधी थोडं थोडं रक्त, थांबता थांबेना. मग अचानक सगळं बंद. एक महिना गेला, दुसरा गेला, आणि दिवसच गेले असणार, असं तिला वाटायला लागलं. नवरा म्हणाला, झालं तर होऊ दे. त्याचं काय जात होतं?

त्यात सासूबाई. काडीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण सुनेची पाळी येत नाही हे त्यांनी बरोबर हेरलं. तोंडातून अवाक्षर नाही. नुसती तिच्या हातातली भरली बादली काढून घ्यायची आणि निजताना दुधाचा पेला पुढे करायचा. म्हातारीला दुसऱ्या नातवाचे डोहाळे लागलेत, असं सुनेने ठरवून टाकलं. ते दूध ती तसंच झाकून ठेवायची.

मुकादमाने घरी पाठवलं तशी ती तडक दवाखान्यात गेली. नर्सने तपासणी केली, काडी हाताला लागते का पाहिलं आणि सांगितलं, दिवस गेलेले नाहीत.

"मग पाळी कुठे गेली? रक्त आत साचत असेल तर काढूनच टाका ही."

"साचायला आत काही तयारच होत नाही फारसं," नर्स म्हणाली. "या काडीने कुणाला अधूनमधून डाग पडतात, कुणाची पाळी पार थांबते. रक्त फार जायला लागलं तर या. आणि नकोच असेल तर आत्ता काढते, पण मग दिवस जाऊ शकतात."

तिने बाही खाली ओढली.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. आतल्या खोलीत धाकटी नणंद, घरातलं शेंडेफळ, बाळाला खेळवत होती. चप्पलही न काढता सून बोलून मोकळी झाली.

"नातूबितू काही नाहीये. मी काडी बसवून घेतलीय, त्याने पाळी थांबलीय."

आता तोफ सुटणार म्हणून ती उभी राहिली. सासूबाईंच्या हातातली जुडी खाली पडली आणि त्या रडायलाच लागल्या.

"मागच्या वेळी तू आत ओरडत होतीस आणि मी बाहेर बसले होते," त्या म्हणाल्या. "पुन्हा तेच म्हणून झोप उडाली होती माझी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुलाच हवंय."

सुनेने चप्पल काढली आणि खाली बसून पडलेली जुडी उचलली. मग सासूबाईंनी नाक पुसलं.

"आमच्या वेळी असं काही असतं ना, तर तुझ्या नवऱ्यावरच थांबले असते मी."

नवरा थोरला. त्याच्या पाठीवर पाच भावंडं.

"आणि बाकीचे?"

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जीव आहे गं माझा त्यांच्यावर. पण थांबले असते."