ओंडक्याची साल

शेवटचं प्रकरण संपलं आणि प्रुफं तपासणारी बाई खुर्चीवरून उठली. तिने बेसिनवर जाऊन दोनदा हात धुतले, तरी त्या पानांचा चिकटपणा बोटांवरून काही जाईना.

कादंबरीमालेचा हा सातवा आणि शेवटचा भाग. त्यातला ओंडक्या म्हणजे वेशीबाहेर राहणारा लाकडाचा माणूस. कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही, अंगाला हात लागला की कळवळायचा, आपली पानं मोजत बसायचा. गावाने त्याला कधी वेशीच्या आत घेतलं नाही. ही बाई नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला स्वमग्न ठरवलं, आणि त्याच वर्षी आईने पहिला भाग वाचून दाखवला. "हा म्हणजे मीच," ती म्हणाली होती. आईने तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. या जगात आपली माणसं दोनच, आई आणि ओंडक्या, असं ती तेव्हापासून धरून चालली होती.

आणि आता सातव्या भागात काय, तर राजकन्या त्याला मिठी मारते, त्याची साल टराटरा सोलली जाते आणि आतून गोरागोमटा पोरगा निघतो. निघतो तो निघतो, वर एकेकाच्या डोळ्यांत बघून गोड हसतो. अख्खं गाव डोळे पुसतं. शी.

ती पानं घेऊन छापखान्याच्या मालकांच्या खोलीत गेली. शेवटच्या पानावर तिची सही पडल्याशिवाय पुस्तक मशीनवर चढवायचं नाही, असा तिथला नियम होता. लेखिकाबाई आयत्याच समोर बसल्या होत्या.

"चूक आहे," ती म्हणाली.

"ऱ्हस्व-दीर्घ असेल. करून टाका की," मालक म्हणाले.

"भाग तिसरा, पान एकशे बारा. लाकूडतोडे त्याचा हात तोडतात. आत वर्तुळं दिसतात. तो ती मोजतो, दोनशे अकरा भरतात. म्हणजे तो आतपर्यंत लाकूडच आहे. सालीखाली पोरगा असूच शकत नाही."

तिच्या वहीत असली बारीकसारीक नोंद भागवार होती. मालकांनी कपाटातून तिसरा भाग काढला, पान बघितलं आणि डोकं खाजवलं.

लेखिकाबाई मात्र लाडात आल्या. "अगं वेडे, तुझ्यासारख्यांसाठीच तर बरं केलं मी त्याला." असं म्हणत त्यांनी तिचा दंड कुरवाळला. तिच्या अंगावर शिसारी आली. जन्मभर ज्याच्या आडोशाला बसलो त्यालाच सोलून हातात ठेवायचं, आणि वर म्हणायचं, घे बाळ, खाऊ.

"आयांची किती पत्रं येतात मला," लेखिकाबाई म्हणाल्या. "हे वाचून तर मी ढसाढसा रडले. यासाठीच शेवट बदलला." त्यांनी पर्समधून एक कागद काढून तिच्यापुढे धरला.

अक्षर तिने लांबूनच ओळखलं. खाली ओढून शेपूट काढलेला तो र ती रोज डब्यावरच्या चिठ्ठीत बघायची.

'माझी मुलगी अगदी तुमच्या ओंडक्यासारखी आहे. ती काही बदलायची नाही. निदान त्याला तरी माणूस करा. आतून कोण निघतं, ते मला एकदा बघायचंय.'

तिने कागदाची कड चिमटीत धरून तो टेबलावर ठेवला. पानंही ठेवली, सही न करता.

"नोकरीचा विचार करा," मालक हळूच म्हणाले.

"केला."

मालकांनी सुस्कारा टाकून पानं ड्रॉवरमध्ये सारली.

संध्याकाळी आईने दार उघडलं. तिच्याकडून घेतलेला डबा जड लागला तशी म्हणाली, "जेवली नाहीस का गं?" आणि मग, अगदी सहज विचारल्यासारखं, "संपलं का पुस्तक? काय झालं ओंडक्याचं शेवटी?"

"ओंडकाच राहिला."

आईचं तोंड एवढंसं झालं. लोक म्हणतात, हिला चेहरे वाचता येत नाहीत. हा तिला पहिल्या फटक्यात वाचता आला. आईने सवयीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लेक तशीच आत गेली आणि नळ सोडून केस धुवायला लागली.