ओठ वाचणाऱ्याच्या कानामागे

मी बोलतोय. ऐकू येतंय ना? विचारलेलं बरं, माझा धंदाच तो. मी कानाचं यंत्र. शेंगदाण्याएवढा जीव. कानामागे बसायचं आणि बाहेरचं जग आत सोडायचं. लोक नको असलेल्या गोष्टी कानामागे टाकतात. मला जन्मापासूनच तिथे टाकलंय, पण माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

माझे पहिले मालक तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. तोफांनी त्यांचे कान खाल्ले होते. ते सरकारकडून मान्य करून घेता घेता त्यांची वकील झालेली मुलगी याच कामात मुरली. जखमी सैनिक असोत की कामगार, भत्त्यासाठी अडलेली माणसं तिच्याकडेच येऊ लागली. सुभेदार मला फक्त बातम्यांपुरतं लावायचे. मुलीने पथ्याचा विषय काढला की कान खाजवल्यासारखं करून मला बंद करायचे. भलतेच बिलंदर. ते गेले आणि मी वकीलबाईंच्या टेबलाच्या खणात स्टेपलरच्या पिनांशेजारी पडून राहिलो.

एके दिवशी खण उघडा राहिला आणि मी कान टवकारले. समोर एक विणकर आणि त्यांची बायको बसली होती. विणकरांचा जन्म गेला कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात. उजवा कान पार गेला, डाव्यात थोडीशी धुगधुगी उरली. म्हणून त्यांनी अपंगत्वाचा भत्ता मागितला, तर भत्ता कचेरीच्या डॉक्टरांनी शेरा मारला, 'ऐकणं उत्तम.' झालं, दावा नामंजूर.

"परत मागावर जावं लागणार यांना," बायको म्हणाली. "मग डावाही जाईल. लग्नापासून माझं बोलणं ऐकून घेतलंय बिचाऱ्यांनी, आता तेवढंही राहणार नाही."

"डॉक्टरांनी विचारलं, मला कळलं, मी सांगितलं," विणकर म्हणाले. "खोटं कसं बोलू?"

वकीलबाईंनी चहाचा कप तोंडाला लावला आणि त्याआडूनच विचारलं, "काका, अपील करायचं ना?"

विणकर नुसते हसत बसले. बाईंनी कप खाली ठेवून तेच विचारलं. "करायचं तर," विणकर लगेच म्हणाले. बाईंनी पुन्हा कप उचलला. पुन्हा तेच हसू.

"काका, तुम्ही ओठ वाचता?"

"म्हणजे काय? गिरणीत सगळेच वाचतात. तिथे कोणी ओरडत नाही, ओरडून उपयोग काय? कोणाच्या घरी काय बिनसलंय ते चार माग पलीकडून कळतं."

"मग हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

विणकरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने विणकरांकडे. त्यात सांगण्यासारखं काय, हेच दोघांना कळेना. डोळ्यांनी बघतो हे तरी कोणी डॉक्टरांना सांगतं का?

बाईंनी मला खणातून काढलं, पुसलं, कानात जाणारा माझा तुकडा बदलून घेतला आणि मला विणकरांच्या डाव्या कानामागे बसवलं. सुनावणी येईपर्यंत मी तिथेच होतो. माणूस गुणी. मला एकदाही बंद केलं नाही, बायको रागावली तेव्हासुद्धा नाही.

सुनावणीच्या दिवशी मला काढून टेबलावर ठेवलं. चालू होतो, म्हणून हे सांगू शकतोय. डॉक्टर फुरंगटले होते. "एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलंय यांनी. ओठ बघून एवढं कळतं होय?"

"मग आता मागे उभे राहून विचारा," बाई म्हणाल्या.

डॉक्टर मागे गेले. विणकरांनी खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले. बाईंनी खुर्ची सरळ करायला लावली. डॉक्टर पुन्हा मागे गेले, विणकर पुन्हा वळले. "मोठ्या माणसाकडे पाठ कशी करायची हो?" बाईंनी कपाळाला हात लावला. मला तर वाटलं, झाला कारभार. या सभ्यपणापायी माणूस परत मागावर जाणार.

खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेले, निकाल देणारे साहेब वैतागून कारकुनाच्या कानाशी वाकले आणि काहीतरी पुटपुटले. मला, एका यंत्राला, ते ऐकू आलं नाही. विणकर मात्र उठले आणि त्यांनी हात जोडले.

"साहेब, नाटक नाही हो हे. आणि तुमची जेवायची वेळ टळत असेल तर आम्ही बाहेर थांबतो."

कारकून गोरामोरा झाला. साहेब म्हणाले, "पण मी तर याच्या कानात बोललो."

"तिथलं इथे ऐकणारा कान असता तर आम्ही आलोच नसतो, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी समोरची फाईल उचलून तोंडासमोर धरली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ऐकणं मोजायच्या यंत्रावर यांची नव्याने तपासणी करा. तोवर आजपासून भत्ता सुरू. मागावर परत जायचं नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. बाईंनी डोळे मिटले. साऱ्या खोलीला कळलं, एकट्या विणकरांना सोडून. ते आपले त्या फाईलकडे बघत नेहमीसारखे हसत उभे होते. मला इतकं भरून आलं की माझी शिट्टीच वाजली.

आता त्यांना स्वतःचं नवं यंत्र मिळालंय आणि मी परत खणात आलोय, पुढच्या अडल्यानडल्याची वाट बघत. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी कपाटात पडून असेल तर त्याला बाहेर काढा, कोणाच्या तरी कामी येईल. आणि कोणी नुसतं हसून मान डोलावली, तर त्याच्यासमोर जाऊन पुन्हा एकदा विचारा. एवढंच मागणं आहे.

माझी एक रुखरुख मात्र राहिली. त्या दिवशी निकाल झाल्यावर विणकरांची बायको मागच्या बाकावरून उठून आली होती. नवऱ्याच्या अगदी समोर उभी राहिली, त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिली. आवाज म्हणून काढला नाही. ऐकता ऐकता विणकर रडायला लागले. काय म्हणाली असेल? मी हाताच्या अंतरावर होतो, चालू होतो, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही.