तोंड नसलेला घोडा

"हे कशावरून पडले?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"घोड्यावरून," मी म्हणाले.

झालं! घोडा बिथरला होता का, लाथबिथ बसली का, अशी चौकशी सुरू. उंचावरच्या कामाला लागणाऱ्या लाकडी शिडीलाही आम्ही घोडाच म्हणतो, हे सांगायचं मला त्या गडबडीत सुचलंच नाही. उलगडा झाल्यावर तेही हसले आणि मीही. डोक्याला मार बसून यांची एक बाजू लुळी पडली होती, पण हात परत येईल असं तेव्हा वाटत होतं, म्हणून हसू येत होतं.

आमचे हे मूर्तिकार. चौकात बसवायला मातीचा भलामोठा घोडा घडवत होते, त्यावरून पुढे धातूचा ओतणार होते. वर कोणाला बसवायचं यावर समितीत हाणामारीची वेळ आलेली. हे म्हणायचे, "कुणालाही बसवा, घोडा माझा." अंग झालं, पाय झाले, शेपूट झालं. तोंड राहिलं. मानेच्या टोकाला नुसता गोळा आणि त्यावर यांच्या अंगठ्याचे ठसे.

माती वाळली की तडकते. म्हणून रोज सकाळी मी शिडीवर चढायचे, फडकी सोडायचे, पाणी शिंपडून पुन्हा गुंडाळायचे. हे खाटेवरून बघत राहायचे. मी आपली बडबडायचे, "तुमचीच वाट बघतोय बरं का!"

एकदा समितीचे अध्यक्ष आले. "मग, घोडं कुठे पेंड खातंय?"

"ज्याला तोंडच नाही, ते पेंड कशानं खाणार?" मी म्हटलं.

ते ओशाळून गेले. पुढे काम दुसऱ्याला दिल्याचं कळलं. तरी मी पाणी मारतच राहिले.

एका सकाळी मी फडकी पिळत होते, तेव्हा हे जड जिभेनं म्हणाले, "पुरे."

"अहो, मान अजून सुकीच आहे."

"तू वर चढतेस आणि मला वाटतं, आज उठायला हवं. रोज वाटतं. रात्रभर त्याच धास्तीनं झोप नाही. वाळू दे गं त्याला."

मला संताप आला. इतके दिवस मी मरमर केली ती कोणासाठी? भांडायला वळले, तर हे रडत होते. मी बादली खाली ठेवली.

घोडा तडकला, मग ढासळला. हे आता उशिरापर्यंत शांत झोपतात. मला मात्र सकाळी कशासाठी उठायचं तेच कळत नाही.