पाना थांबला की

सीतारामने सुतळी मागच्या चाकाच्या पाठीशी बांधली, तिची दोन टोकं मोटारसायकलच्या दोन्ही अंगांनी पुढे नेली आणि पुढच्या चाकासमोर एकेका विटेखाली दाबली. मग मागे येऊन चाक सरकवायचा नट पान्याने जरासा फिरवला. पुन्हा उठून पुढे गेला. सुतळी अजून टायरला लागली नव्हती.

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, एका माणसाने चाकंही सरळ होत नाहीत. सोळा वर्षं पुढच्या चाकाशी त्याची बायको बसायची, भागुबाई. पाटावर बसून दोन्ही हातांनी सुतळी ताणून धरायची आणि ती टायरला टेकली की म्हणायची, "लागली!" तेवढ्या एका शब्दावर हा नट आवळायचा. शिमग्याच्या आधी ती गेली. आता लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या त्या अंगणात सीताराम, मोटारसायकल आणि दोन विटा.

आज तळेगावहून जावई यायचा होता, गोरख. बाबांनी या वयात एकट्याने गाडी फिरवू नये, ती गोरखने कारखान्यात जायला न्यावी, असं लेकीने, रतनने ठरवून टाकलं होतं. सीताराम बरं म्हणाला होता. पण गाडी पहिल्यापासून डावीकडे ओढायची. त्याचं खापर तो घाटातल्या रस्त्यांवर फोडायचा. तरी वाकडी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं त्या रेल्वेतल्या जुन्या फिटरच्या जिवावर आलं होतं.

वीस-पंचवीस खेपांत गुडघे बोलू लागले, पण अखेर सुतळी दोन्ही चाकांना नीट टेकली. नटाकडे लक्ष जाताच मात्र तो थबकला. गंजाच्या जुन्या खुणेपासून नट अख्खा एक आटा पुढे आला होता, म्हणजे आजवर मागचं चाक तेवढं वाकडंच बसत आलं होतं.

"इतकी वर्सं चूक ऱ्हायली कशी?" तो स्वतःशीच बोलला.

शेजारची आक्काबाई कुंपणाशी गवऱ्या थापत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"भागूला दिसत कुटं हुतं, भाऊ? सुई मी ववून द्यायची तिला."

"मंग दोरी लागल्याली कशी कळायची?"

"तुमच्या पान्याकडं कान द्यायची. पाना थांबला की म्हनायची, लागली."

सीताराम होता तिथेच खाली टेकला.

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं आसतं, तर तुमी तितं दुसरं मानूस बसवलं आसतं. तिला ते नगं हुतं."

बसवलं असतं, यात खोटं काही नव्हतं. भातात खडे निघाले म्हणून त्याने कितीदा ताट सरकवलं होतं, ते त्याला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. मग तो उठला. त्याने नट मोजून एक आटा मागे, पुन्हा गंजाच्या खुणेवर घेतला.

दुपारी गोरखने शाळेपर्यंत एक फेरी मारली.

"मामा, गाडी डावीकडे ओढतेय. तळेगावात मिस्त्रीला दाखवतो, तासाभरात सरळ करून देईल."

"नगं," सीताराम म्हणाला. "गाडी ऱ्हाऊ द्या हितंच."

"अहो, पण रतनला काय सांगू?"

"बाबांनी दिली न्हाई म्हनून सांगा."

गोरख जेवला आणि चालत लोणावळ्याच्या स्टेशनाकडे गेला. सीतारामने घरातून पाट आणला, पुढच्या चाकाशी ठेवला आणि सुतळीची टोकं त्यावर सोडली. मग मागे येऊन नटावर पाना चढवला, उगाच जरासा फिरवला, थांबवला, आणि कान देऊन बसला.